डिन-योकच्या नावाखाली ४९,००० रुपयांना गंडा

एकूण ४९,००० रुपये. स्कूबा डायव्हिंगच्या रेग्युलेटर सेटचे (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) ३८,५००, 'योक कन्व्हर्जन'चे ४,५००, सर्व्हिसिंगचे ६,०००. त्यातले २०,००० यूपीआयने, उरलेले २९,००० रोख. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर 'ऑल ओके' आणि एक सही. हसा खुशाल.

कळंगुटकडच्या त्या दुकानदाराचं नाव लिहीत नाही, वकिलांनी तंबी दिलीय. पद्धत तेवढी सांगतो. रेग्युलेटर टाकीला जोडायच्या दोन पद्धती, योक आणि डिन. मी गेलो होतो योक सेट घ्यायलाच. इथल्या बोटींवर सहसा अॅल्युमिनियमच्या, २०० बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास भरलेल्या टाक्या असतात. योक म्हणजे वरून क्लॅम्प घालायचा, स्क्रू आवळायचा, झालं. योक २३२ बारपर्यंत चालतो, ग्रँड आयलंडला जाणाऱ्याला तो पुरून उरतो. तर हा म्हणतो, "पात्राव, योक आता बंद होणार. डिनच घ्या, ३०० बारचा."

डिन चांगलाच असतो, ते खोटं नाही. तो व्हॉल्व्हच्या आत आट्यांवर फिरवून बसवतात, ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) रेग्युलेटरच्याच टोकाला असते आणि आत दाबून धरलेली असते, त्यामुळे कुठे आपटला तरी सहजी गळत नाही. बुडालेल्या जहाजांत, गुहेत जाणारे तोच वापरतात. हे सगळं त्याने बरोबर सांगितलं. म्हणून तर पुढचं खपलं.

मी म्हटलं, टाकीला लावून दाखवा. "टाकी रिकामी आहे हो, कॉम्प्रेसर बंद पडलाय." आणि हे सांगताना मागच्या खोलीत कॉम्प्रेसर धडधडत होता! त्या आवाजात ऐकू यावं म्हणून तो ओरडून बोलत होता. कॉम्प्रेसर बंद आहे हे ओरडून सांगतोय आणि मी मान डोलावतोय. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. पण भिंतीवर सर्टिफिकेटं, बाजूला चार गिऱ्हाइकं, समोरचा स्वतःला इन्स्ट्रक्टर म्हणवतोय. तिथे कोण शंका घेणार? तुम्हीही घेतली नसती.

डिनची टोपीही त्याने काढू दिली नाही, "खारं वारं लागतं" म्हणे. काढायला लावा आणि आटे मोजा. ३०० बारच्या डिनला सात आटे, २३२ वाल्याला पाच. माझ्याला पाच निघाले.

आणि डिन योकच्या टाकीला बसावा म्हणून घेतलेलं ते ४,५०० चं कन्व्हर्जन! खऱ्या कन्व्हर्जनमध्ये टेक्निशियन त्याच कंपनीचा किट घालून तोंडाचा भाग बदलतो. मला मिळाला वरून फिरवायचा अडॅप्टर, त्यावर ना शिक्का ना बारचा आकडा. बोटीवर टाकी उघडताच फस्स करून हवा सुटली, गेजचा काटा डोळ्यांदेखत उतरायला लागला. मालवणच्या इन्स्ट्रक्टरने झटकन व्हॉल्व्ह बंद केला. मग दुसऱ्या एका टाकीच्या व्हॉल्व्हमधला इन्सर्ट, म्हणजे आतला सुटा तुकडा, अॅलन कीने काढला आणि माझा डिन सरळ आत फिरवला. असा कन्व्हर्टिबल व्हॉल्व्ह (इन्सर्ट ठेवला की योक, काढला की डिन) असेल तर अडॅप्टर लागतच नाही! तुमच्या क्लबकडे कुठले व्हॉल्व्ह आहेत ते आधी विचारा, मग खिशात हात घाला. त्या इन्स्ट्रक्टर पोराने फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीला जोडायचा भाग, उलटी करून दाखवली. सीरियल नंबरच्या जागी घासून चकचकीत केलेली पट्टी. "दादा, हे घेऊन पाण्यात जाऊ नका." भाड्याच्या सेटचे ८०० रुपये वेगळे गेले.

आता तक्रारीची कहाणी. पोलीस ठाण्यात हवालदाराने सेट हातात घेऊन विचारलं, "गॅसचा रेग्युलेटर ना? मग एजन्सीत जा." साहेब म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. नंबर घासलेला माल विकणं दिवाणी? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, असं म्हटल्यावर, "वकील आहात का?" परवाने देणाऱ्या एका कार्यालयात उत्तर मिळालं की बोट आमच्याकडे, बोटीवरचं सामान आमच्याकडे नाही. मग कोणाकडे? माशांकडे? बँकेत गेलो तर यूपीआयचं खातं भलत्याच नावावर, आणि "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना". प्रत्येक खिडकीवर झेरॉक्स मात्र मागितल्या, तीनतीन प्रती.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पण त्या वहीच्या पानावरच वकील डोकं धरून बसलेत, तेव्हा सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घेतल्याशिवाय एक रुपया सोडू नका. यूपीआयवर दुकानाचं नाव दिसत नसेल तर तिथूनच परत फिरा. सेट भरलेल्या टाकीला लावून बादलीत बुडवा, बुडबुडे दिसले की चालते व्हा.

आणि हो, त्याच्या दुकानात गेल्या आठवड्यात मित्राला पाठवलं होतं. त्याला आता योक सेट दाखवला, ४१,००० ला. "डिन? गोव्यात डिन चालतच नाही, पात्राव."