पी पफर घ्या, सोबतचा संच दुकानातच राहू द्या

मत्स्यालयाच्या दुकानात पी पफर मागितला की बहुतेक ठिकाणी मासा एकटा घरी येत नाही. एक फुटी टाकी किंवा काचेचा गोल बाऊल, आत बुडवायचा पॉवर फिल्टर, एलईडीचं झाकण, रंगीत खडी, दाण्याची डबी, पाणी तपासायच्या पट्ट्या, क्लोरीन घालवणाऱ्या थेंबांची बाटली आणि निळ्या औषधाची बाटली असा सगळा संच गळ्यात मारला जातो. यातली एकेक वस्तू पफरच्या गरजेनुसार तपासली तर मासा सोडून जवळपास सगळंच परत करण्याच्या लायकीचं निघतं. मासा मात्र पैसे वसूल आहे.

मासा आपल्याच पश्चिम घाटाचा. पंपा नदीतल्या माशांवरून होरा आणि नायर यांनी १९४१ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. नाव भारदस्त आहे, कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस. बाजारात मात्र पी पफर, ड्वार्फ पफर किंवा मलबार पफर. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्या आणि पाणथळ जागा हे त्याचं घर. पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, आणि जन्मभर गोड्या पाण्यात राहतो. कोकणात कोळ्यांची जाळी कुरतडणारा केंड याच कुळातला, पण तो समुद्रातला. त्यामुळे ‘पफर आहे, थोडं मीठ टाका’ हा काउंटरवरचा सल्ला या माशाच्या बाबतीत साफ चुकीचा.

दुकानातले बरेच पी पफर नदीतून पकडलेले असतात आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ही जात ‘असुरक्षित’ गटात आहे. घरी पैदास करणारे हौशी लोक आता आहेत. त्यांच्याकडचा मासा मिळाला तर तोच घ्यावा. तो जंतमुक्त असण्याची शक्यता जास्त, आणि गोठवलेलं खाणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. दुकानातूनच घ्यायचा असेल तर रंगावर भाळू नका, पोट बघा. खपाटीला गेलेलं पोट, मागे निघणारी पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, काळपट पडलेलं अंग आणि एका बाजूला मुडपून धरलेली शेपटी, यांपैकी काहीही दिसलं तर तो मासा नको. धडधाकट पफरचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात आणि तुम्ही काचेजवळ गेलात की तो तुम्हाला निरखतो. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. ‘आत्ताच खाल्लंय’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

आणताना प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत हवा. एकत्र भरले तर वाटेतच एकमेकांचे पर कुरतडतात. जाळीने पाण्याबाहेर काढू देऊ नका. घाबरून फुगताना त्याने पाण्याऐवजी हवा गिळली तर ती बाहेर टाकणं त्याला फार जड जातं. प्लॅस्टिकचा पेला पाण्यातच आडवा धरून त्यात मासा घ्यायचा.

आता संचाकडे. बाऊलबद्दल बोलण्यासारखं काही नाही, तो नको. एक फुटी टाकीत जेमतेम एक मासा राहील, आणि पी पफर एकेकटा ठेवण्यात मजाही नाही. २४ × १२ × १५ इंचांची साधी काचेची टाकी घ्या. हिशेबाने ती सत्तर लिटरची भरते. वाळू टाकून आणि वर थोडी रिकामी ठेवून पाणी साठ लिटर धरा. एवढ्यात सहा मासे नीट राहतात. त्यात एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात. गोम अशी, की दुकानातल्या सेंटिमीटरभर पिलांमध्ये नर-मादी कळतच नाही. वयात आलेल्या नराच्या पोटावर मधोमध गडद रेघ आणि डोळ्यामागे सुरकुत्या दिसतात. मादी जास्त गोलमटोल. म्हणून सहा पिलं घेऊन मोठी झाल्यावर जादा नर दुसऱ्याला द्यायची तयारी आधीच ठेवा. नर भांडताना पोटाखालची कातडी धारेसारखी उभी करतो. बघायला छान वाटतं, पण समोरच्याला लपायला जागा नसेल तर दोन दिवसांत त्याचे पर झडलेले दिसतात.

म्हणून रंगीत खडीऐवजी बारीक वाळू आणि भरपूर झाडं. वॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट आणि जावा मॉसचे झुपके पुरे होतात. टाकीच्या एका टोकाला असलेल्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा दिसता कामा नये, इतकी दाटी करा. रिकाम्या टाकीत पफर दिवसभर काचेवर वर-खाली येरझाऱ्या घालतो. लोकांना वाटतं मासा खेळतोय.

आत बुडवायचा पॉवर फिल्टर पाण्याला जो जोर देतो तो या माशाला झेपत नाही. पफर शेपटीच्या जोरावर पोहत नाही; छातीचे, पाठीचे आणि गुदाजवळचे पर भिरभिरवत तरंगतो. प्रवाहात सतत झगडावं लागलं की खाणं सोडतो. त्याऐवजी दोन स्पंजचा फिल्टर आणि छोटा एअर पंप घ्या. स्वस्त आहे, आवाज कमी आणि पिलं आत ओढली जात नाहीत. पंप टाकीच्या पातळीखाली ठेवणार असाल तर पाइपमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायलाच हवा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरतं. जिथे तासन् तास लाइट जाते तिथे बॅटरीवरचा पंप हाताशी असू द्या. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळायचा. नळाच्या क्लोरीनने त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि अमोनिया पुन्हा वर जातो.

हीटर मुंबई-कोकणात लागत नाही. पुणे, नाशिक, नागपूरच्या थंडीत साठ लिटरला ५० वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला, २५ अंशांवर लावलेला पुरतो.

पाणी तपासायच्या पट्ट्या ही या संचातली सर्वात फसवी वस्तू. बहुतेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि नव्या टाकीत मासा मारतो तो अमोनियाच. थेंबांची किट घ्या. एपीआय कंपनीची गोड्या पाण्याची मास्टर किट महाग वाटते, पण तिच्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच हे सगळं आहे आणि बरेच महिने पुरते. अमोनियासाठी ५ मिलिलिटर पाण्यात दोन्ही बाटल्यांचे आठ-आठ थेंब टाकून पाच मिनिटं थांबायचं. नायट्रेटच्या चाचणीत लोक हमखास चुकतात. तिची दुसरी बाटली तळाशी साका धरते. ती तीस सेकंद जोरात हलवली नाही, आणि थेंब टाकल्यावर नळी मिनिटभर हलवली नाही, तर रंग पिवळाच राहतो आणि ‘नायट्रेट शून्य’ असं समाधान पदरात पडतं. मासे मात्र नायट्रेट चाळीस पीपीएमच्या (लिटरला चाळीस मिलिग्रॅम) वर गेलेल्या पाण्यात असतात.

टाकी मांडल्यावर मासा लगेच आणायचा नाही. आधी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवायचे, आणि त्यांना खाद्य म्हणून अमोनिया द्यायचा. साठ लिटर पाण्यात ०.४ ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास जातो. म्हणजे नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा नव्हे, प्रयोगशाळेच्या दर्जाचा. तो उतरला की पुन्हा तितकाच टाका. दिलेला डोस चोवीस तासांत अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य असा उतरू लागला की टाकी तयार. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर बरंच आधी होतं. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदलून मासे सोडा. नळाचं पाणी वापरताना क्लोरीन घालवणारे थेंब टाकायलाच हवेत. संचातली ही एक बाटली कामाची. पुढे दर आठवड्याला एक मोठी बादली, अठरा ते वीस लिटर, पाणी बदला. धरणाचं मृदू पाणी आणि बोअरवेलचं जड पाणी दोन्ही त्याला चालतं, पण आज हे आणि उद्या ते असं करू नका.

खरी परीक्षा खाण्याची. संचातली दाण्याची डबी पफरच्या दृष्टीने कचरा. हा मासा हलणारं किंवा मांसाचं दिसणारंच तोंडात घेतो. दाणे तळाशी कुजतात, पाणी बिघडतं आणि मासा उपाशीच राहतो. वाळवलेल्या ट्यूबिफेक्सच्या (गाळातल्या बारीक लाल किड्यांच्या) वड्याही बहुतेक पफर चघळून थुंकतात. जिवंत ट्यूबिफेक्सवर तुटून पडतात, पण ते घाणेरड्या पाण्यातून येतात आणि सोबत रोग आणतात.

रोजच्यासाठी गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे पाण्यातल्या लाल अळ्या, चांगले. घेताना पाकीट नीट बघा. चौकोनी खाचांमध्ये वड्या सुट्या दिसल्या तर ठीक. सगळा लाल रस एका कोपऱ्यात जमून गोठला असेल तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठवलेला आहे, तो घेऊ नका. अर्धी वडी वाटीभर टाकीच्या पाण्यात विरघळवा, चहाच्या गाळणीतून गाळून तो रस फेकून द्या, आणि ड्रॉपरने एकेका माशासमोर अळ्या सोडा. एका वेळी दर माशाला पाच-सहा अळ्या, दिवसातून दोनदा. खाऊन झाल्यावर पोट किंचित फुगीर दिसलं की थांबायचं. त्याच्या डोळ्यांकडे बघून घालत राहिलात तर तो कधीच पुरे म्हणणार नाही. पंधरा मिनिटांनी उरलेलं ओढून काढा. आठवड्यातून एक दिवस उपास. बदल म्हणून डॅफ्निया किंवा आर्टेमिया हे पाण्यातले बारीक कवचधारी जीव. डासांच्या अळ्या उत्तम खाद्य आहेत, पण त्यासाठी गॅलरीत पाणी साठवलंत तर मासा खूश आणि पालिकेची नोटीस दारात.

गोगलगायींना मात्र पर्याय नाही. पफरचे चार दात जुळून चोच बनलेली असते आणि ती आयुष्यभर वाढते; कवचं फोडूनच ती झिजते. शिवाय शिकार करण्यात त्याचा वेळ जातो, आणि रिकामा पफर दुसऱ्याचे पर खातो. रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर जातीच्या गोगलगायी वेगळ्या बरणीत वाढवा. पाच लिटरची बरणी, थोडं हॉर्नवर्ट, उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान आणि कवचासाठी समुद्रफेसाचा तुकडा. समुद्रफेस काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. माशाच्या डोळ्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या गोगलगायी टाका. शंकूसारख्या लांबट मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी नकोत, त्यांचं कवच या चोचीला फार कठीण आहे.

निळ्या औषधाची बाटली म्हणजे मेथिलीन ब्लू. टाकीत ओतली तर फिल्टरचे जिवाणू जातात, म्हणून ती लागलीच तर वेगळ्या भांड्यात. पफरला खवले नाहीत. तांबं किंवा फॉर्मॅलिन असलेली औषधं त्याला इतर माशांपेक्षा लवकर बाधतात. नदीतून आलेल्या माशाला खरी गरज असते जंताच्या औषधाची. मासा खातोय तरी पोट भरत नाही, हे जंतांचं ठळक लक्षण. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड मिळतं. प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे साठ लिटरला १२० मिलिग्रॅम. पण पावडरमध्ये मूळ औषध किती टक्के आहे हे पाकिटावर वाचून हिशेब करा. उजेडात ते निकामी होतं, तेव्हा दिवा बंद आणि टाकीवर कापड. चोवीस तासांनी तळ सायफनने ओढत अर्धं पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

सोबतीला इतर मासे नकोत. गप्पी आणि फायटरच्या लांब परांची वाट लागते. कोळंबीची पिलं तर नाश्त्याला जातात.

शेवटी एक वस्तू, जी पी पफर शिल्लक नसला की ‘हाही तोच’ म्हणून पुढे केली जाते: हिरव्या अंगावर काळे गोल ठिपके असलेला ग्रीन स्पॉटेड पफर. दुकानात तो तीन सेंटिमीटरचा आणि फारच गोंडस दिसतो. वाढतो पंधरा सेंटिमीटरपर्यंत, आणि त्याला मोठेपणी मचूळ पाणी लागतं. लहान माशासाठी १.००५ घनता धरली तरी लिटरला साधारण ७ ते ८ ग्रॅम मरीन सॉल्ट (समुद्री मत्स्यालयासाठीचं मीठ), आणि वाढीबरोबर ते चढवत न्यायचं. खडेमीठ चालत नाही, कारण त्यात समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट त्या प्रमाणात नसतात. एका माशाला सव्वाशे लिटरची टाकी, घनता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, दात झिजवायला कवचासकट खेकडे-गोगलगायी, आणि तरीही दात वाढले तर ते कापण्याचं कसब. एवढी तयारी असेल तर जरूर घ्या. नसेल तर पी पफरचा नवीन लॉट कधी येणार ते विचारून फोन नंबर देऊन या.