फुसबॉल टेबलाच्या नावाखाली २५,९६० रुपयांचा गंडा: कोल्हापूरकरांनो, वाचा आणि पुढे सांगा

“पुण्यातली आयटी कंपनी बंद होत आहे, क्लब क्वालिटी फुसबॉल टेबल, मूळ किंमत एक लाख चाळीस हजार, फक्त ३२,००० ला.” अशी जाहिरात दिसली तर त्या नंबरला फोन लावू नका. (फुसबॉल म्हणजे रॉडवर बसवलेली बाहुली फिरवून टेबलावर खेळायचा फुटबॉल.) मी लावला. २५,९६० रुपये गेले आणि टेबल राहू दे, त्याचा एक स्क्रूसुद्धा कोल्हापुरात आला नाही. आधी टोकन, मग अॅडव्हान्स, मग गाडीभाडं, मग ‘परत मिळणारा’ टॅक्स, ही साखळी तुम्हाला माहीत आहे, मलाही होती. तरी लिहितोय, कारण हा माणूस नेहमीच्या भामट्यासारखा बोलत नव्हता. टेबल या वस्तूबद्दल त्याने मला एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही. त्याच जोरावर त्याने मला लुटलं.

आमच्या घरी ९,८०० रुपयांचं चार फुटी टेबल आहे. फुटबॉलचं वेड कोल्हापुरात कुणाला समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर सीझन सुरू झाला की पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे सामने गल्लीतली पोरं आमच्या हॉलमध्ये परत खेळतात. इतक्या वापराने टेबल खिळखिळं झालं. मधला तळ खाली बसला, त्यामुळे बॉल पाच खेळाडूंच्या मधल्या रॉडपाशी येऊन मरतो आणि तिथेच पडून राहतो. दोन रॉड वाकले. खेळाडूंची स्क्रूची भोकं ढिली झाली, रॉड फिरवला तरी बाहुलं जागच्या जागी लटकतं. पोरं म्हणाली, पप्पा, नवीन घेऊया. मी म्हटलं, आधी दुरुस्तीचं बघतो.

मी उद्यमनगरात लेथवर जॉबवर्क करतो. बारीक माप घ्यायचा वर्निअर माझ्या खिशात असतो. रॉड, बुश, बेअरिंग याबद्दल मला कुणी गंडवू शकेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. म्हणून मी टेबल शोधत नव्हतोच, मी अपग्रेड किट शोधत होतो: आठ रॉड, सोळा बुश (भिंतीच्या भोकात बसणाऱ्या, रॉड ज्यात फिरतो त्या कड्या) आणि खेळाडूंचा सेट. एका जाहिरातीत असं किट ७,४९९ ला दिसलं. फोन लावला.

पलीकडचा माणूस पहिल्याच मिनिटाला म्हणाला, “दादा, किट मी तुम्हाला देणार नाही. आधी रॉड मोजून सांगा.” मी मोजला. १२.७ मिलिमीटर. तो म्हणाला, “म्हणजे चार सूत, अर्धा इंच. माझं किट पाच सुताचं आहे. तुम्हाला सगळ्या बाजूच्या भिंतींना भोकं मोठी करावी लागतील, आणि तो एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेला बोर्ड आहे, ड्रिल लावला की पापुद्रे सुटतील. खेळाडूही चार सुताच्या भोकाचे, ते बोअर करायला गेलात तर फुटणार. भरीव रॉड टाकला तर जड होऊन मनगट भरून येईल, पोकळ टाकायचा तर जाड भिंतीचा पाईप पाहिजे. आणि एवढं करून तळ बसलेला तसाच राहणार. साडेसात हजार पाण्यात घालू नका.”

यातला एक शब्द खोटा दाखवून द्या. मी दुसऱ्या दिवशी शॉपवर स्क्रॅपच्या एमडीएफ तुकड्यावर पाच सुताचं ड्रिल चालवून बघितलं. पापुद्रे सुटले. मिलिमीटर आणि सूत दोन्हीत अचूक बोलणारा, आणि हातातलं साडेसात हजारांचं गिऱ्हाईक स्वतःहून सोडणारा माणूस. त्याच्यावर विश्वास बसणार नाही तर कुणावर बसणार? मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

मग त्याने हळूच ते पुण्याचं टेबल काढलं. हिंजवडीच्या ऑफिसातलं, दोन वर्षं वापरलेलं, पाच सुताचे रॉड, जाड तळ. ३२,०००. टोकन २,००० पाठवलं. दोन दिवसांनी निम्म्या रकमेच्या हिशोबाने आणखी १४,०००. पैसे पाठवताना स्क्रीनवर वेगळंच नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “ते आमच्या अकाउंटंटचं आहे.” इथे कान टोचून घ्या: पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते बँकेत नोंदलेलं नाव असतं. ते विकणाऱ्याच्या नावाशी जुळत नसेल तर फोन खाली ठेवा, कारण काहीही सांगू दे.

आता तो व्हिडिओ. १४,००० मिळाल्यावर त्याने पॅकिंगचा व्हिडिओ पाठवला. टेबलाला बबल रॅप गुंडाळतायत, वर माझं नाव आणि ‘कोल्हापूर’ लिहिलेलं कागदाचं लेबल. घरात सगळ्यांनी बघितला. मी रात्री एकटाच परत बघत होतो आणि गोलीपाशी, म्हणजे गोलकीपरपाशी थांबलो. जाहिरातीच्या फोटोत गोलीच्या रॉडवर तीन खेळाडू होते. व्हिडिओत एक. फुसबॉल खेळणाऱ्याला हा फरक डोळे झाकून कळतो: तीन गोलीचं टेबल म्हणजे एका बाजूला तेरा खेळाडू, एका गोलीचं म्हणजे अकरा. मी लगेच विचारलं. मी विचारलं होतं, हे लक्षात घ्या, गप्प बसलो नव्हतो. त्याचं उत्तर तयार होतं: “दादा, गोलीचा रॉड बदलता येतो. तुम्हाला दोन्ही रॉड सोबत टाकतो, हवा तो लावा.”

हेही खरं आहे. काही चांगल्या टेबलांना दोन्ही प्रकारचे रॉड मिळतात. मी गप्प झालो. पण रॉड बदलता येतो, कोपरे नाही बदलत. एकटा गोली कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून एका गोलीच्या टेबलाला कोपऱ्यात चढ देतात, बॉल आपोआप परत मैदानात येतो. तीन गोलीच्या टेबलाचे कोपरे सपाट, तिथला बॉल बाजूचे दोन खेळाडू काढतात. फोटोत कोपरे सपाट होते. व्हिडिओत, बबल रॅप अजून त्या बाजूला पोचला नव्हता तेव्हा, डाव्या कोपऱ्यातला चढ लख्ख दिसतोय, ट्यूबलाइटची रेघ त्याच्यावर वाकलेली आहे. म्हणजे टेबलच दुसरं. तो व्हिडिओ कुठल्या तरी भलत्याच टेबलाच्या पॅकिंगचा होता आणि लेबल वरून चिकटवलं होतं. ती वाकलेली रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी रॉडवर बोलत बसलो. याचा संताप मला पैशापेक्षा जास्त आहे.

त्यानंतर गाडीभाडं ४,२००. मग एका संध्याकाळी फोन: “दादा, गाडी किणी टोलनाक्यावर अडवली आहे, ई-वे बिल नाही म्हणतात. १८ टक्के टॅक्स भरा, ५,७६०, डिलिव्हरीला वजा करून घ्या.” (ई-वे बिल म्हणजे माल वाहून नेताना लागणारा जीएसटीचा कागद.) सोबत बिलाचा फोटो, शिक्का, जीएसटी नंबर. किणी म्हणजे घरापासून हाकेवर, गाडी आली या आनंदात पोरं उड्या मारतायत. पाठवले. दहा मिनिटांत पुढचा फोन: उरलेले १६,००० आत्ताच टाका, नाहीतर गाडी परत जाईल. तेव्हा माझा मेव्हणा शेजारी होता. तो म्हणाला, “दाजी, एक रुपया टाकू नका. गाडी किणीला आहे ना? चला जाऊया.” पावसात मोटरसायकलवर गेलो. नाक्याच्या पुढे-मागे उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांना विचारलं. तसली गाडीच नाही. तिथून फोन लावून “आम्ही किणीला उभे आहोत, गाडीचा नंबर सांगा” म्हटल्यावर फोन बंद झाला तो आजतागायत.

बिल घरी येऊन नीट बघितलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७. याच्या बिलावर ०७, म्हणजे दिल्ली. गोडाऊन पुण्यात आणि नोंदणी दिल्लीची! जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की फुकटात मालकाचं आणि धंद्याचं नाव कळतं. तो नंबर कपड्याच्या धंद्याचा निघाला. आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिलाचा नियम एक लाखाच्या वरच्या मालाचा आहे, ३२,००० च्या टेबलासाठी कुणी गाडी अडवत नाही. ‘परत मिळणारा’ म्हणून कुणी आधी पैसे मागितले की तो चोर, इथे दुसरा विचार करूच नका.

त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली. तक्रार क्रमांक मिळाला, इतपत ठीक. मग खरी परवड सुरू झाली.

बँकेच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, “पिन तुम्हीच टाकला ना? मग ही फसवणूक बँकेची नाही.” भिंतीवर पोस्टर आहे, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवा, तुमची जबाबदारी शून्य. ते दाखवलं तर म्हणाल्या, ते तुमच्या नकळत गेलेल्या पैशांसाठी. म्हणजे स्वतःच्या हाताने पाठवायला लावलं की चोर मोकळा. मॅनेजरना भेटायचंय म्हटलं तर मीटिंग. लेखी अर्ज दिला, पोच मागितली, तर शिक्का सापडेना. शिक्का सापडेपर्यंत मी तिथून हललो नाही. तुम्हीही हलू नका, पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊच नका.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “फुसबॉल म्हणजे काय ओ?” मी सांगितलं. शेजारचा हसला. “एवढ्या मोठ्या माणसाला बाहुल्यांचा खेळ पाहिजे होता का?” मी पैसे चोरीला गेल्याची तक्रार द्यायला आलोय, माझ्या हौसेची चौकशी करून घ्यायला नाही. मग रक्कम विचारली. “पंचवीस? लोकांचे पंचवीस लाख गेलेत साहेब.” लोकांचे लाख गेले म्हणून माझे हजार गेले नाहीत का? माझ्या शॉपवर ते २५,९६० मिळवायला किती जॉब काढावे लागतात ते या लोकांना येऊन दाखवू का? पुढे म्हणाले, “पैसे पुण्याच्या माणसाने घेतले, तिकडे तक्रार करा.” तिकडे म्हणजे कुठे? दुसऱ्या कचेरीत पाठवलं, त्यांनी परत पहिल्या ठाण्यात. एका ठिकाणी साहेब बंदोबस्तावर, दुसऱ्या ठिकाणी सर्व्हर बंद. स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट मागितल्या, त्या काढून नेल्या तर म्हणे पेनड्राइव्हमध्ये आणा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही हद्दीत घडला असला तरी नोंदवून घ्यायची. ही फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) ची, दखलपात्र. नोंदवून घेत नसतील तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं. मी पोस्टाने पाठवलं. कायदा हा मला माझ्या वकील मित्राने सांगितला. ठाण्यातल्या खुर्चीवर बसलेल्यांनी सांगायला हवा होता. ग्राहक आयोगाचा रस्ता बघितला, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण नोटीस लावायची कुणाला? बिलावरचा पत्ताच खोटा. १९३० च्या तक्रारीमुळे एका खात्यात ३,२०० रुपये गोठले असं कळलं. ते माझेच आहेत, तरी सोडवायला आदेश आणा म्हणतात. कुणाचा आदेश, हे दोन माणसं दोन तऱ्हेने सांगतात.

टेबलाचं विचाराल तर स्वस्त टेबलाचे रॉड बदलायच्या फंदात पडू नका, तेवढं त्या चोराचं खरंच आहे. पण ते फेकायचीही गरज नव्हती. तळाखाली प्लायच्या दोन आडव्या पट्ट्या ६४०, स्क्रूच्या जागी आरपार नट-बोल्ट १८०, सिलिकॉन स्प्रे ३५०, चांगले बॉल ४००. एकूण १,५७०. वाकलेले रॉड मी शॉपवर सरळ केले. ग्रीस किंवा घरातलं तेल लावू नका, धूळ धरतं आणि बुश आवळतात. हे सगळं मला आधीपासून करता येत होतं, पण समोरचा ‘पाण्यात घालू नका’ म्हणाला आणि मी दुरुस्तीचा विचारच सोडला. घ्यायचंच असेल तर समोर जाऊन घ्या, रॉड हातात धरून फिरवा, तळावर बॉल सोडून बघा. क्लबचं टेबल दोघांना सहज उचलवत नाही. उचललं तर ते क्लबचं नव्हे.

आणि तो थांबलेला नाही. परवा तोच फोटो परत वर आलाय, नवीन नंबर, या वेळी नाशिकची कंपनी, किंमत २९,५००. टेबलामागे निळा पडदा आहे, उजव्या बाजूच्या खांबाचं प्लास्टर निघालंय, आणि स्कोअर मोजायच्या मण्यांमधला एक पिवळा मणी गायब आहे. जाहिरात जिथे दिसतेय तिथेच मी तिची तक्रार केली आहे, अजून काढलेली नाही. हा फोटो कुणाला दिसला तर तुम्हीही तक्रार करा, आणि नंबरचा स्क्रीनशॉट घेऊन १९३० ला द्या.