चालीचा ठेका: कानात की घोट्यावर?

लकव्यानंतर पाऊल पडतं, पण लय हरवते. एक पाय रेंगाळतो, दुसरा घाई करतो. पार्किन्सनमध्ये पावलं आखूड होतात, मध्येच पाय जमिनीला चिकटतात. बाहेरून ठरावीक ठेका मिळाला की चाल सावरते, हे संगीत आणि मेंदूचे अभ्यासक मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवलं. प्रश्न उरतो, ठेका ऐकायचा की अंगावर जाणवून घ्यायचा?

आबांसाठी आम्ही दोन्ही करून पाहिलं. मोबाइलवरचं मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं ॲप, फुकट, आणि कानाला ठेका चटकन सापडतो. शांत खोलीत त्याला तोड नाही. पण सोलापुरात शांत खोली आणायची कुठून? शेजारी यंत्रमाग. आबांचा जन्म त्याच खडखडाटात गेलेला, त्यामुळे मोबाइलची टिकटिक राहायची बाजूला आणि पाय मागाच्या ठेक्याला लागायचे. तो वेग त्यांना झेपणारा नव्हता! कंबर तलावाकडे फिरताना इअरफोन लावावे, तर मागून आलेली रिक्षा ऐकू येत नाही.

घोट्याला बांधायचे कंप देणारे पट्टे इथे जिंकतात. डावा, उजवा, डावा असा आळीपाळीने इशारा मिळतो, म्हणजे कोणता पाय उचलायचा तेही कळतं. कान गप्पांना मोकळे. मात्र पैसे लागतात, चार्जिंग लागतं, उन्हाळ्यात घामाने पट्टा घसरतो. घड्याळाचा कंप स्वस्तात पडेल, पण इशारा मनगटावर आणि काम पायाला. आबांना ते जुळलं नाही.

खरी मेख मधुमेहाची. त्याने पाय बधिर झाले असतील तर कंप घोट्यापर्यंत पोचूनही कळेलच असं नाही. लकव्यातही त्या बाजूची संवेदना मंदावलेली असू शकते. म्हणून खरेदीआधी फिजिओथेरपिस्टकडून १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने (आपटल्यावर कंप पावणाऱ्या धातूच्या काट्याने) पाय तपासून घ्या. संवेदना नसेल तर पट्टा मांडीवर किंवा कमरेला चालतो का, हे तिथेच बघा. नाहीतर सरळ मेट्रोनोम.

माझं मत विचाराल तर पहिले काही आठवडे फुकटचं मेट्रोनोम, घरात. रस्त्यावर उतरायचं ठरलं की पट्टे.

दोन्हींत सुरुवात एकच: मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा. ७० पडत असतील तर ठेकाही ७०चाच. पुढे थेरपिस्ट तो पाच-दहा टक्क्यांनी, म्हणजे ७४-७७पर्यंत नेतील. पार्किन्सनमध्ये पावलं आपोआप पळत सुटत असतील तर वाढवायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि सोबतच्याने कमजोर बाजूला चालायचं, हात चालणाऱ्याच्या कमरेला आधारासाठी बांधलेल्या पट्ट्यावर.