त्वचेतलं पाणी 'मोजून' क्रीम विकणाऱ्यांपासून जपा

माझी मावशी जिंतूरजवळच्या एका गावात राहते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिथं दोन मुली 'मोफत त्वचा तपासणी' घेऊन आल्या. स्पिरिटच्या बोळ्यानं मनगट पुसायचं, वर पेनासारखं यंत्र टेकवायचं. मावशीचा आकडा आला १९ टक्के. "अंगातलं पाणी आटलंय मावशी, पुढं किडनीवर येईल," म्हणत त्यांनी क्रीम चोळलं आणि लगेच पुन्हा पेन टेकवलं. आता ४८! सोयाबीनच्या पैशातले तीन हजार देऊन मावशीनं क्रीम आणि गोळ्यांचा संच घेतला. शेजारपाजारच्या बायांनीही घेतला.

मी फार्मसी कॉलेजात शिकवते. हे ऐकून जीव तळमळला, म्हणून यातली मेख सांगते.

अशी यंत्रं त्वचेची विद्युत धारिता (वीज साठवायची क्षमता) किंवा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजतात. पाणी जास्त असलं की धारिता वाढते, हे खरं. पण मोजलं जातं ते सगळ्यात वरच्या मृत पेशींच्या थरातलं पाणी. मनगटावर हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाच, कधी त्याहूनही पातळ. त्यावरून किडनीचं काहीही कळत नाही. स्पिरिटनं पुसलं की हा थर आणखी कोरडा पडतो, म्हणून पहिला आकडा खाली. क्रीममध्ये मुळातच पाणी असतं, म्हणून दुसरा वर. तसलंच एक पेन मी ओल्या रुमालावर टेकवलं, तर रुमालाचीही 'त्वचा' उत्तम निघाली. घाम आला किंवा जोरात दाबलं तरी आकडा चढतो. प्रयोगशाळेत म्हणूनच माणसाला आधी वीसेक मिनिटं २०-२२ अंशांच्या खोलीत बसवतात, क्रीम लावू देत नाहीत. मराठवाड्यातल्या जानेवारीच्या कोरड्या हवेत, मांडवाखाली, कुणाचाही आकडा कमीच येणार.

त्यांनी मोबाइलनं चेहऱ्याचे फोटो काढून निळे-लाल डागही दाखवले. प्रकाशानं त्वचेतलं पाणी मोजता येतं, पण त्यासाठी १४५० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश लागतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. ते रंग ॲपनं भरलेले होते.

मावशीला पावती दिलेली नाही. डबीवर उत्पादकाचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही. गोळ्या मी बंद करायला लावल्यात; टाचांच्या भेगांना साधी पेट्रोलियम जेली पुरते. तुमच्याकडे असं कुणी आलं असेल तर डबीचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, गोळ्या अन्न व औषध प्रशासनाला दाखवा. त्या मुली आता सेलूकडे गेल्यात, असं मावशीच्या जाऊबाई सांगत होत्या.