बोडियम की कॉर्फ?

पुण्याहून आई-बाबा लंडनला आलेत, हाताशी एकच शनिवार, आणि किल्ला तर दाखवायचाच. ससेक्समधला बोडियम की डॉर्सेटमधला कॉर्फ?

खर्चाचा प्रश्न लवकर सुटतो. दोन्ही नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणारी संस्था) आहेत, सभासद असाल तर प्रवेश फुकट.

अंतरात बोडियम जवळ, पण रॉबर्ट्सब्रिज स्टेशनापासून पुढे गाडी किंवा टॅक्सी हवीच. कॉर्फसाठी वॉटर्लूहून वेअरहॅमपर्यंत रेल्वेने दोन तासांहून जास्त, मग बस. दिवस दमवणारा.

बोडियमची वाट सपाट. बुरुजातले अरुंद गोल जिने टाळता येतात. कॉर्फ टेकडीवर. सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही, पण गुडघे कुरकुरत असतील तर विचार करा.

पाहण्यासारखं काय? पाण्याने भरलेल्या खंदकात उभा बोडियम बाहेरून अगदी चित्रातला, आत मात्र पोकळ. बांधकामाची परवानगी 1385 ची. गंमत म्हणजे तो विकत घेऊन डागडुजी करणारा माणूस आपल्या ओळखीचा: बंगालची फाळणी करणारा लॉर्ड कर्झन!

कॉर्फमध्ये गोष्टच मोठी. सतराव्या शतकात राजा विरुद्ध संसद अशा इंग्लंडमधल्या यादवी युद्धात किल्ल्याच्या मालकाची बायको लेडी बँक्स हिने तो राजाच्या बाजूने लढवला, अखेर फितुरीने पडला आणि 1646 मध्ये संसदेच्या हुकमाने सुरुंग लावून उद्ध्वस्त केला. कलते बुरुज अजून तसेच आहेत. खाली दगडी घरांचं गाव, जुनं चर्च आणि स्वानेजची वाफेची गाडी.

वयस्कर पाहुणे, लहान मुलं, फोटो: बोडियम. इतिहासाचं वेड आणि पायात बळ असेल, तर कॉर्फ. शक्यतो मुक्काम करून.