आठ लोकसभांच्या आठ फायली: इंदूरच्या एका वाचनालयाची संदर्भसेवा

राजवाड्याच्या मागे एका जुन्या वाड्याच्या माडीवर मराठी मंडळींनी चालवलेले लहानसे वाचनालय आहे. पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि तिथली माणसे विनावेतन राबणारी आहेत, म्हणून नाव मुद्दाम देत नाही. इंदूरच्या मराठी वाचकांना ते ओळखता येईल. आमच्या मंडळात दीर्घकाळ खासदार राहिलेल्या व्यक्तींवर मला बोलायचे होते. त्यासाठी चार दुपारी मी तिथल्या संदर्भ विभागात बसलो. वीस रुपये रोज या दराने अशी सेवा मला शहरात दुसरीकडे मिळाली नसती.

इंदूरमध्ये हा विषय निघाला की सुमित्राताई महाजन यांच्यापासूनच सुरुवात होते. चिपळूणची मुलगी लग्न होऊन या शहरात आली, उपमहापौर झाली आणि १९८९ मध्ये प्रकाशचंद्र सेठी यांच्यासारख्या माजी मुख्यमंत्री व माजी केंद्रीय गृहमंत्र्यांचा एक लाखाहून अधिक मतांनी पराभव करून लोकसभेत गेली, एवढे आपल्याकडे घराघरांत ठाऊक असते. त्यापुढचे सगळे मात्र ‘आठ वेळा खासदार’ या तीन शब्दांत गुंडाळले जाते. वाचनालयाने ताईंच्या कात्रणांची मांडणी विषयवार न करता लोकसभावार केली आहे, नवव्या लोकसभेपासून सोळाव्या लोकसभेपर्यंत, आणि या सेवेचे खरे मोल मला याच मांडणीत दिसले. आठ फायली टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या की त्यांची जाडीच बोलू लागते. नववी, अकरावी आणि बारावी या फायली अगदी बारीक आहेत, कारण नववी लोकसभा दीड वर्षही टिकली नाही, अकरावी दोन वर्षांच्या आतच संपली आणि बारावी तेरा महिन्यांत विसर्जित झाली. आठ कार्यकाळ म्हणजे चाळीस वर्षे नव्हेत, तीस वर्षेही जेमतेमच. पण त्या तीस वर्षांत आठ वेळा मतदारांसमोर जावे लागले, आणि माझ्या मते खरी परीक्षा तीच आहे. २००९ ची फाईल उघडली तेव्हा हे विशेष जाणवले. त्या वर्षी विजयाचे अंतर अवघे ११,४८० मतांचे होते, तर पुढच्याच म्हणजे २०१४ च्या निवडणुकीत ते साडेचार लाखांच्या वर गेले. नुसती बेरीज पाहणाऱ्याला २००९ ची ती धाकधूक कळत नाही.

तेराव्या लोकसभेच्या फाईलमध्ये आत चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठी मी उतरवून घेतली. तिच्यावर बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिले आहे: ‘या काळात राज्यमंत्री. प्रश्न शोधू नयेत.’ संदर्भ विभाग सांभाळणाऱ्या काकूंना मी त्याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, मुलं येतात, प्रश्नांची संख्या मोजतात आणि ताईंनी पाच वर्षं काहीच केलं नाही असं लिहून जातात. मंत्री उत्तरं देतो, प्रश्न विचारत नाही.’’ सोळाव्या लोकसभेच्या फाईललाही तशीच चिठ्ठी आहे, कारण ६ जून २०१४ पासून ताई लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्ष सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, चर्चेत बाजू घेत नाहीत आणि मतदानही केवळ समसमान मते पडली तरच करतात. आकड्यांच्या तक्त्यात दहा वर्षे कोरी दिसतात, तीच ही दहा वर्षे. ती चिठ्ठी नसती तर माझ्याही व्याख्यानात ही चूक शिरली असती.

शेजारच्या कपाटात इतर ज्येष्ठ खासदारांच्या फायली आहेत. अकरा वेळा निवडून आलेले इंद्रजित गुप्त, दहा वेळा आलेले सोमनाथ चॅटर्जी आणि अटलबिहारी वाजपेयी, आणि १९७१ पासून एकदाही न हरता नऊ वेळा निवडून आलेले ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे या साऱ्यांच्या फायली तिथे आहेत. १९८४ मध्ये ग्वाल्हेरला माधवरावांनी वाजपेयींना हरवले. त्या निवडणुकीची कात्रणे दोघांच्याही फायलींत स्वतंत्रपणे लावण्याची काळजी घेतली आहे. गुप्त यांच्या फाईलमध्ये १९७७ चा पराभव आहे, चॅटर्जींच्या फाईलमध्ये १९८४ चा. पराभवाची कात्रणे गाळलेली नाहीत, याबद्दल मला या विभागाविषयी मनापासून आदर वाटतो.

आता उणिवा. जुनी कात्रणे खळीने चिकटवल्यामुळे तपकिरी पडली आहेत आणि घडीवर तुटू लागली आहेत. त्याहून गंभीर गोष्ट अशी की कित्येक कात्रणे कापताना वर्तमानपत्राचे नाव व तारीख असलेली वरची पट्टी कापून टाकलेली आहे. दहाव्या लोकसभेतील एका हिंदी बातमीचा दिवस मला हवा होता. मजकुरात नुसते ‘कल’ होते आणि मागच्या बाजूला चपलांची अर्धी जाहिरात. दोन तास घालवूनही तारीख लागली नाही, आणि ती बातमी मला व्याख्यानातून वगळावी लागली. हाताने लिहिलेली सूची २००९ पर्यंतच आली आहे. सोळाव्या लोकसभेची कात्रणे अजून सुट्या पाकिटांत आहेत, त्यामुळे २५ खासदारांच्या ऑगस्ट २०१५ मधील पाच दिवसांच्या निलंबनासारखा गाजलेला निर्णय शोधायलाही सगळी पाकिटे पालथी घालावी लागतात. झेरॉक्सची सोय नाही. मोबाईलवर छायाचित्र घेऊ देतात, मात्र माडीवर उजेड कमी असल्याने खिडकीजवळचे टेबल मिळाले तरच ते नीट येते.

लोकसभेतील भाषणे घरबसल्या संकेतस्थळावर वाचता येतात, त्यासाठी माडी चढण्याची गरज नाही. खासदार मतदारसंघात काय करत होता, कोणत्या वॉर्डात मते घटली, उमेदवारीवरून कुरबुर कुठे झाली, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी मात्र इथे जरूर यावे. दुपारी तीनच्या आधी गेल्यास खिडकीचे टेबल मिळते. कोणाकडे १९८९ ते १९९१ या काळातील ‘नईदुनिया’ या हिंदी दैनिकाचे पूर्ण अंक घरी राहिले असतील तर काकूंना ते हवे आहेत, तारखा जुळवण्याचे काम त्यांनी नवव्या लोकसभेपासून सुरू केले आहे.