गोव्याची आयर्नमॅन ७०.३: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

२०१९ मध्ये पणजीच्या मिरामार बीचवर सुरू झालेली ही रेस (७०.३ म्हणजे एकूण अंतर, मैलांत) यावेळी केली आणि अजून डोक्यातून जात नाहीये. १.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, सगळं साडेआठ तासांच्या आत. पुण्यात टँकमध्ये वर्षभर पोहलो पण समुद्र वेगळंच प्रकरण आहे, लाट आली की पुढचा बॉय (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) दिसतच नाही, मग दर सात-आठ स्ट्रोकनंतर डोकं वर काढून बघायचं, नाहीतर शंभर-दोनशे मीटर फुकट जास्तीचे पोहावे लागतात. कयाकवाले मात्र सतत आजूबाजूला होते, त्यांचा फार आधार वाटला. पोहण्याचा कटऑफ, म्हणजे वेळेची मर्यादा, ७० मिनिटांचा, मी ५४ मध्ये बाहेर आलो.

एक तक्रार आहे, रेसची नाही, सायकल पाठवायला घेतलेल्या ट्रान्सपोर्टवाल्याची. डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी) वाकवूनच दिला!! एवढे पैसे घेता तर पॅकिंग तरी नीट करा ना. स्पेअर हँगर होता म्हणून वाचलो, तुम्हीपण न्याच.

पळताना मात्र खरी परीक्षा. ऊन एकवेळ परवडलं पण दमटपणा इतका की घाम सुकतच नाही, शरीर थंडच होत नाही, टोपीत बर्फ भरून आणि इलेक्ट्रोलाइट घोटघोट पीत पळलो. कडेला उभी पोरं बिबवरचं (अंगावर लावलेल्या नंबरपट्टीवरचं) नाव वाचून हाका मारत होती, तिथे डोळे भरून आले.

पाच स्टार. फक्त एन्ट्री भरण्याआधी दोन-चारदा तरी समुद्रात पोहून या, प्लीज.